बेळगाव–गोकाक, कॅरव्हॅन आणि नातवंड

आज फक्त गोकाकपर्यंत. दीड-दोन वर्षांच्या पोराची कॅरव्हॅनमधली, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतली, पहिलीच सहल असेल तर एवढं अंतर भरपूर. गोव्याकडच्या चोर्ला घाटाची वळणं पुढच्या वर्षी.

बाळाची सीट आडव्या सोफ्यावर बांधूच नका. गाडी जाते त्या दिशेनं तोंड असलेल्या, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा असलेल्या आसनावरच बांधा, आणि बाळाचं तोंड मागे. बांधून झाली की धरून हलवा; इंचभरापेक्षा जास्त सरकली तर पट्टा पुन्हा ओढा. "रडतंय, घे की मांडीवर" असं आजी म्हणणारच. पण ब्रेक दाबला की कुणाचेही हात पुरत नाहीत. गाडी थांबवा, मग घ्या.

निघताना गॅस सिलिंडरचा कॉक बंद, कपाटांच्या कड्या लावलेल्या. टाकीचं पाणी धुण्यापुरतं, प्यायचं घरून उकळून. आजोबांच्या गुडघ्यांसाठी पायरीखाली रुंद ठोकळा हवा, नाहीतर उतरताना तोल जातो.

गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, त्यामुळे कड्याजवळ पोर कडेवरच. आणि हो, करदंट, म्हणजे गोकाकची सुक्या मेव्याची मिठाई, आजी-आजोबांनीच खावा. त्यातले काजू-बदामाचे तुकडे एवढ्या लहान्याच्या घशात अडकतात.