सगळ्यांना नेलं होतं का?

शुक्रवार, रात्रीचे अकरा

जेवण गेलं नाही. डब्यातली कळण्याची भाकरी तशीच परत आली, ती गाईला घातली. ह्यांनी विचारलं, "हरल्या का पोरी?" म्हटलं, हो. "मग त्यात नवीन काय?" म्हणाले आणि बातम्या लावल्या. नवीन काही नाही हे खरंच आहे. पण मी हरण्यावरून बिघडलेली नाही, आणि कशावरून बिघडले ते इतकं बारीक आहे की तोंडाने सांगायला गेले तर मलाच हसू येईल. जेवलीस का नीट, असंही कोणी विचारणार नाही. म्हणून ही वही.

बुधवारी परिपाठात बोधकथा माझ्याकडे होती. स्पर्धा जवळ आल्या की मी डोंगर चढणाऱ्या बाईची गोष्ट सांगते, आणि आजवर ती एव्हरेस्टवर पोचलेली पहिली भारतीय बाई, बचेंद्री पालच असायची. आता पोरी माझ्या आधी बोलून मोकळ्या होतात, "23 मे 1984, मॅडम! आणि दुसऱ्या दिवशी तिचा वाढदिवस!" म्हणून या वेळी जपानची जुन्को ताबेई काढली. 16 मे 1975 ला एव्हरेस्टवर पोचलेली जगातली पहिली बाई. उंची पाच फुटांच्या आत. घरी तीन वर्षांची लेक. पैसा नव्हता, तर मोटारीच्या सीटची कव्हरं कापून त्याच्या पिशव्या आणि हातमोजे शिवले. शिखरावर जायच्या बारा दिवस आधी बर्फाचा कडा कोसळला आणि ती तंबूसकट गाडली गेली, शेर्पांनी ओढून बाहेर काढली. तरी माघारी फिरली नाही. पोरी गप्प. मागच्या रांगेतली मुलंसुद्धा गप्प, म्हणजे गोष्ट लागली होती.

मग मी सुरुवातीकडे गेले. लहानपणी ही जुन्को अशक्त होती, सारखी आजारी. दहा वर्षांची असताना शाळेतल्या शिक्षकांबरोबर नासू नावाच्या डोंगरावर गेली. ज्वालामुखीचा डोंगर, गरम पाण्याचे झरे. लगेच कोणीतरी ओरडलं, "आपल्या उनपदेवसारखे?" म्हटलं, अगदी तसेच. उनपदेव सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे जपान एकदम अडावदच्या पुढे येऊन बसला.

आणि 'अशक्त' म्हणताना मी दुसऱ्या रांगेतल्या त्या नाजूक पोरीकडे पाहिलं. मुद्दाम पाहिलं. ती ताठ बसली. हे मी पाहिलं नसतं तर आज जेवण गेलं असतं.

गुरुवारी यादी. खो-खोच्या बारा जणी. अक्षर शाळेत सगळ्यात सुरेख त्या दुसऱ्या रांगेतल्या पोरीचं, म्हणून यादी दरवर्षी तीच लिहिते. बाराव्या नंबरावर तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं, कारण सोमवारी मीच तसं सांगितलं होतं. गुरुवारी सकाळी सातवीतली ती उंच पोरगी आली. आठवडाभर कापूस वेचायला गेली होती, बोटांच्या पेरांना बोंडांचे ओरखडे, पण मैदानात उतरली आणि खांबाला वळसा घातला की दिसेनाशी होते. मोठ्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचं गणित साधं आहे, जिंकलं तर शाळेचं नाव, हरलं तर मॅडमचं. मी बारावं नाव खोडलं. खाडाखोड असलेला कागद केंद्रावर कसा द्यायचा? म्हणून म्हटलं, "बेटा, नवीन कागदावर पुन्हा लिही."

तिने लिहिली. समास आखला, वर शाळेचं नाव, खाली बारा नावं. कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं,

"मॅडम, त्या जपानच्या सरांनी सगळ्यांना नेलं होतं का डोंगरावर?"

म्हटलं, "हो, वर्गाची सहल होती ना ती."

"बरं," म्हणाली आणि खडूचा डबा घेऊन वर्गात गेली.

एवढंच. टोमणा नव्हता. सहावीतली पोर टोमणा मारत नाही, आणि ही तर अजिबात नाही. तिला खरंच माहिती हवी होती. म्हणूनच ते कालपासून माझ्या घशात अडकलंय. टोमणा असता तर मी रागावून मोकळी झाले असते.

काल रात्री अंथरुणात पडून मी स्वतःशी भांडत होते. म्हटलं, निवड चुकली कुठे? पोर दमते. दुसऱ्या डावात धाप लागते तिला, ओठ पांढरे पडतात. उद्या मैदानात पडली असती तर तिच्या घरच्यांना मीच तोंड दिलं असतं. आणि निवड काय जगात होत नाही? तेलंगणाची पूर्णा मलावत निवडूनच गेली. समाजकल्याणच्या निवासी शाळेतली आदिवासी पोर. त्यांना भोनगीरच्या कातळावर चढायला शिकवलं, मग गाळत गाळत शेवटी एव्हरेस्टला दोघं, ती आणि एक मुलगा. 25 मे 2014 ला ती वर होती आणि तिला अजून चौदा वर्षं पूर्ण झाली नव्हती. न गाळता हे झालं असतं का? नसतं. झालं तर, मी बरोबर.

आणि मग बचेंद्री आठवली, जिची गोष्ट पोरींना पाठ आहे. तीही बारा वर्षांची असताना पहिल्यांदा चढली ती शाळेच्या सहलीतच, मैत्रिणींबरोबर. पुढे एम.ए. झाली, बी.एड. झाली, म्हणजे आमच्याच जातकुळीतली. इतक्या वेळा सांगूनही ही दोघींची सहल मला कधी शेजारी शेजारी दिसली नव्हती. ती दाखवायला खडूचा डबा घेऊन जाणारी पोर लागली. जुन्कोला तर डोंगर आवडला तोच यासाठी, की तिथं शर्यत नव्हती, ज्याने त्याने आपल्या वेगाने चढायचं. परिपाठात हेही सांगितलं होतं मी. चांगलं हातवारे करून.

मला स्वतःला चौथीत... जाऊ दे ते.

आजचं मैदान. सकाळी थंडी इतकी की पोरी छोट्या हत्तीत एकमेकींच्या स्वेटरमध्ये हात घालून बसल्या. मैदानाची काळी माती दहिवराने चिकट, पळतीत पाय सटकत होते. पहिला सामना निघाला. दुसऱ्यात एका डावाने हरलो. समोरच्या पोरी बूट घालून आल्या होत्या, आमच्या अनवाणी. हे मी कारण म्हणून लिहीत नाही, फक्त लिहिते आहे. जे काही गुण मिळाले त्यातले निम्मे त्या उंच पोरीने मिळवले. म्हणजे निवड खरोखर बरोबर होती. मोठे सरही म्हणाले, "मॅडम, शेवटी बदललं ते बरं केलं." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

परतताना पोरी गाणी म्हणत होत्या. हरलेल्या संघाला इतका आवाज कुठून येतो कळत नाही. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पर्स, पर्समध्ये त्या यादीची दुसरी प्रत. काढून पाहिली. बारा नावं, एकाही नावाची वेलांटी कुठे वाकडी नाही. हात जरा थरथरला असता तर मला बरं वाटलं असतं. कसली माणूस आहे मी!

उनपदेवची सहल काढावी असं तिथंच बसून मनात आलं. सगळ्यांची. पहिली ते आठवी. मग परवानगी, हमीपत्रं, एसटीचं भाडं, स्वयंपाकाची भांडी, आणि कुंडात उतरलेल्या पोरांची डोकी मोजत काठावर उभी असलेली मी, हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि गावाचं फाटक येईपर्यंत सहल जवळजवळ बारगळली होती. एका प्रश्नापायी पूर्ण शाळा गाडीत भरायला निघालेली बाई. मोठ्या सरांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझा ताप पाहिला असता. अर्थात ताबेईबाई तरी काय, स्वतःला पहिली म्हणवून घ्यायला नाखूश. म्हणायची, मी एव्हरेस्टवर पोचलेली छत्तिसावी. छत्तिसाव्या नंबरावर समाधान मानायला आधी यादी तेवढी लांब लागते, आमची बारावरच संपते. हे सुचलं आणि मी एकटीच हसले. ड्रायव्हरने वळून पाहिलं.

इथवर ठीक होतं. पण स्टॅण्डवर उतरलो तेव्हा यादी लिहिणाऱ्या पोरीची आजी शेतातून येत होती, डोक्यावर कापसाचं गाठोडं. पोरींचा घोळका पाहून थांबली. मला म्हणाली, "मॅडम, आमनी पोर खेयनी का?"

म्हणजे पोरीने घरी सांगितलंच नव्हतं.

आणि मी म्हणाले, "हो."

का म्हणाले? गाठोडं जड होतं, संध्याकाळ झाली होती, मलाही घरी जायचं होतं. आजी खूश झाली. गाठोडं एका हाताने सावरत तिने कमरेच्या पिशवीतून मूठभर बोरं काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी रिक्षात ती सगळी खाल्ली. गोड होती. आत्ता लक्षात येतंय, जेवण गेलं नाही ते कदाचित त्यामुळेही असेल.

पण आजी घरी जाऊन पोरीला विचारणार, कशी खेयनी गं. आणि ती दिवसभर शाळेत फळा पुसत होती. ती काय सांगणार? मॅडम खोटं बोलल्या म्हणेल, की माझं खोटं सांभाळून घेईल? ती सांभाळूनच घेईल. ओळखते मी तिला. बूट नव्हते, पाय सटकत होते, हे सगळं मैत्रिणींकडून ऐकून आजीला जसंच्या तसं सांगेल.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. साडेसातला परिपाठ. बोधकथा परत माझ्याकडेच आहे.