कोल्हापूरचे ऊन लंगकावीत चालत नाही

परदेशात ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करण्याच्या स्पर्धेला, जातो आहे असे सांगितले की कोल्हापुरात पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : "उन्हाचं काय घेऊन बसलास भावा, आपल्याला सवय हाय की." एप्रिलच्या भर दुपारी लक्ष्मीपुरीतील गर्दीत दुचाकी घेऊन अडकलेल्या माणसाला मलेशियातील बत्तीस अंशांचे भय वाटू नये, हे वरवर पाहता पटण्यासारखेच आहे. लंगकावी बेटावरील 'आयर्नमॅन ७०.३' स्पर्धेसाठी नाव नोंदवले तेव्हा रंकाळ्यावर पहाटे भेटणाऱ्या मंडळींचे हेच मत होते, आणि ते किती अपुरे आहे हे तयारीच्या काळातच लक्षात येत गेले.

स्पर्धेचे अंतर जगभर सारखेच असते : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि लगोलग २१.१ किलोमीटर धावणे. या सर्वांची बेरीज ७०.३ मैल होते, म्हणून ते नाव. लंगकावी बेट विषुववृत्तापासून साधारण सहा अंश उत्तरेला, अंदमान समुद्रात आहे आणि स्पर्धा नोव्हेंबरमध्ये असते. नेमक्या याच वेळी कोल्हापुरात पहाटेची हवा गार आणि कोरडी झालेली असते. म्हणजे पन्हाळा-जोतिबाच्या चढणीवर सायकलीचा सराव सर्वांत सुखाचा होतो तेव्हाच, जिथे जायचे आहे तिथली हवा त्याच्या अगदी उलट असते.

तापमानाच्या आकड्यावरून उन्हाची तीव्रता ठरवण्याची आपली सवय इथे दगा देते. धावणाऱ्या माणसाच्या स्नायूंत निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा हालचालीसाठी कामी येतो, उरलेली सगळी उष्णता असते आणि ती बाहेर टाकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. मात्र नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरापासून निघून जाते. तोच घाम हनुवटीवरून थेंबाथेंबाने रस्त्यावर गळाला तर शरीरातील पाणी जाते आणि उष्णता जवळजवळ तशीच राहते. हवेत आधीच बाष्प भरलेले असले की हेच होते. कोल्हापुरातील ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी वेट बल्ब तापमान, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरवरचे, घाम वाळून अंग कितपत गार होईल याचा अंदाज देणारे तापमान, २१ अंशांच्या आसपास भरते, तर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ते २८ च्या वर जाते. थर्मामीटरवर सहा अंशांनी सौम्य दिसणारी हवा शरीराच्या हिशेबाने सात अंशांनी अधिक कठोर असते, असा हा उलटा प्रकार आहे.

याचा बंदोबस्त करता येतो, ही त्यातली चांगली बाजू. दमट उष्णतेत एक-दोन आठवडे नियमित व्यायाम केला तर रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो, त्यातून जाणारे मीठ कमी होते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडतात. प्रश्न इतकाच की दोन आठवडे आधी मलेशियाला जाऊन राहण्याइतकी रजा आणि पैसा नोकरदार माणसाजवळ नसतो. वेल्समधील बँगर विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये यावर सोपा उपाय प्रसिद्ध केला : सलग सहा दिवस धावून आल्यावर चाळीस अंश तापमानाच्या पाण्यात चाळीस मिनिटांपर्यंत गळ्यापर्यंत बसलेल्या धावपटूंची ३३ अंशांच्या उष्णतेतील पाच किलोमीटरची कामगिरी सुमारे पाच टक्क्यांनी सुधारली. आमच्या घरी बाथटब नाही. गच्चीवरचे जुने निळे पिंप मोरीत आणून ठेवले, बंबातील पाणी गार पाण्यात मिसळून तापमान जुळवले आणि धावून आल्यावर त्यात उकिडवा बसू लागलो. पहिली दहा मिनिटे बरी जातात. नंतर कानशिले ठणकू लागतात आणि आपण हे का करतो आहोत याचे उत्तर स्वतःलाही देता येत नाही. आईने दारातून डोकावून "व्हय रे, स्वतःलाच उकडून घेणार हाईस काय?" असे विचारले आणि मग रोज ती बाहेर स्टूल टाकून बसू लागली. ते फार उपयोगाचे ठरले, कारण गरम पाण्यातून एकदम उठले की रक्तदाब उतरून भोवळ येते आणि अशा वेळी जवळ कोणी असणे अत्यावश्यक असते. हा उपाय एकट्याने मुळीच करू नये.

दुसरी तयारी कोकणात झाली, आणि या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहेत असे मला वाटते. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरला की दोन तासांत कोरडी हवा मागे पडून अंगाला चिकटणारी हवा सुरू होते. मालवणला चिवला किनाऱ्यावर, जिथे सागरी जलतरण स्पर्धा भरते, स्थानिक जाणकारांना विचारून पोहायचे आणि मग कपडे न बदलता किनाऱ्याच्या रस्त्याने धावायचे, असा आमच्या गटाचा शनिवार-रविवारचा क्रम होता. राजाराम तलावातील गोड्या, स्थिर पाण्याची सवय झालेल्याला खारे पाणी अंगाला अधिक उचलून धरते हे सुखद वाटते. मात्र तेच पाणी तोंडात गेले की तहान वाढते, हे तिथेच कळते. सरावाआधी आणि नंतर वजन करण्याचा आमच्या प्रशिक्षक सरांचा आग्रह असे. मधे प्यालेले पाणी हिशेबात धरून जितके किलो वजन घटले तितके लिटर घाम गेला, असे साधे गणित. माझा घाम तासाला सव्वा लिटरच्या आसपास निघाला. पोट तासाला साधारण लिटरभरापेक्षा जास्त पाणी पचवू शकत नाही, त्यामुळे थोडी तूट राहणारच हे मान्य करूनच वेग ठरवावा लागतो.

तूट भरून काढण्याच्या भीतीने साधे पाणी ढोसत राहणे हा दुसरा धोका आहे, कारण त्याने रक्तातील मीठ, म्हणजे सोडियम, पातळ होते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम सामान्यपेक्षा कमी आढळले, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण ठळक होते. तालमीतला पैलवान थंडाई मापाने घेतो, तसेच पाणीही मापाने घ्यावे.

प्रत्यक्ष स्पर्धेतील पोहण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पांताई कोक किनाऱ्यावरील पाणी तिशीच्या आसपास कोमट होते, गार पाण्यात ऊब देणाऱ्या वेटसूटचा प्रश्नच नव्हता, आणि गर्दीतील एक-दोन लाथा सोडल्या तर मालवणइतकेही कष्ट पडले नाहीत. सायकलीचा रस्ता गुळगुळीत, डावीकडून वाहतुकीचा, लहान लहान चढ-उतारांचा होता. कडेला माकडे निवांत बसली होती. सायकलीवर स्वतःच्या वेगाचा वारा लागतो, घाम वाळतो आणि सारे ठीक चालले आहे असा समज होतो. या समजापायीच माणसे ताकदीबाहेर जोर लावतात. सरांनी घड्याळाकडे न पाहता हृदयाच्या ठोक्यांची मर्यादा पाळायला बजावले होते, म्हणून मला ओलांडून जाणाऱ्यांना मी मुकाट्याने जाऊ दिले.

धावायला सुरुवात झाली आणि वारा थांबला. पहिल्या दोन किलोमीटरमध्येच बुटांत पाणी साचून पचपच आवाज येऊ लागला. ते सगळे अंगावरून ओघळलेले होते. पाण्याच्या प्रत्येक थांब्यावर चालत जायचे, बर्फ टोपीत आणि अंगातील कपड्याच्या गळ्यातून छातीवर टाकायचा, स्पंज मानेवर पिळायचा, दोन घोट प्यायचे आणि पुन्हा धावायचे, हा क्रम आधीच ठरवला होता. बर्फाची मूठ घेऊन धावणे हा प्रकार विचित्र वाटतो, पण तळहातांतून उष्णता बरी निघून जाते. शेवटच्या टप्प्यात रस्त्याकडेला बसलेले, भिंतीला धरून उभे असलेले कितीतरी जण दिसले आणि त्यांत माझ्याहून बळकट शरीराचे बरेच होते. २०१६ मध्ये मेक्सिकोतील कोझुमेल येथे जॉनी ब्राउनली हा ऑलिंपिक पदकविजेता आघाडीवर असताना असाच लडखडला आणि त्याचा भाऊ अ‍ॅलिस्टरने त्याला धरून अंतिम रेषेपलीकडे ढकलले, हे ट्रायथलॉनमधील सर्वांनाच ठाऊक आहे. जगातील उत्तम खेळाडूचे जिथे असे होते, तिथे माझ्यासारख्या हौशी माणसाने चालण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. कटऑफच्या, म्हणजे स्पर्धा पूर्ण करण्यासाठी ठरवून दिलेल्या वेळेच्या, बरेच आत मी पोहोचलो. अर्धमॅरेथॉनची वेळ मात्र कोल्हापुरातील माझ्या नेहमीच्या वेळेपेक्षा पुष्कळ जास्त होती, आणि ती तशीच येईल हे आधीच मान्य केले होते.

आमच्या गटातील दोघांनी पुढच्या वर्षासाठी तयारी सुरू केली आहे. त्यांपैकी एकाचे म्हणणे आहे की कोल्हापूरची ऑक्टोबर हीट पुरेशी आहे, मालवणला जाऊन पेट्रोल कशाला जाळायचे. त्याला मी वेट बल्बचे आकडे दाखवले आहेत. पिंप न्यायला तो येत्या रविवारी येणार आहे.