अकरा ओळी काढताना

आमचं ऑफिस सातपूर एमआयडीसीत. द्राक्षाच्या पॅकहाऊसमधल्या प्री-कूलिंग चेंबरचे, म्हणजे माल थंड करायच्या खोल्यांचे, कंट्रोलर आम्ही बनवतो. आत लिनक्स, आणि पंखे, तापमान, वजनकाटा अशा कामांसाठी खोचायची कार्डं. ही कार्डं चालवणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, एकूण 23. जानेवारी ते एप्रिल त्यांना हात लावायचा नाही, हा अलिखित नियम. ऐन हंगामात चेंबर बंद पडलं तर दिंडोरीचे बागायतदार थेट ऑफिसात येऊन बसतात. म्हणून साफसफाई पावसाळ्यात.

या वर्षी साफ करायचा होता कार्डांच्या बसचा, म्हणजे कार्ड आणि ड्रायव्हर यांची गाठ घालणाऱ्या भागाचा, कोड. कार्ड उतरवताना तो आधी ड्रायव्हरमध्ये 'रिमूव्ह_न्यू' आहे का बघायचा, नसेल तर जुन्या 'रिमूव्ह'कडे वळायचा. जुनं फंक्शन एरर परत करू शकतं, नवं काहीच परत करत नाही. या फॉलबॅकच्या, म्हणजे पर्यायी वाटेच्या, अकरा ओळी, आणि वर 2023 ची कॉमेंट: 'तात्पुरतं'. लिहिणारा मीच, त्यामुळे शिव्या द्यायलाही कोणी नव्हतं.

दोन नावांची ही युक्ती मुख्य लिनक्समधून उचललेली. डिव्हाइस जायचं म्हणजे जाणारच. यूएसबी खेचून काढल्यावर ड्रायव्हरनं 'नाही' म्हणून काय होणार? लिनक्सच्या 5.15 आवृत्तीत बसच्या पातळीवर रिमूव्हनं काही परत करणंच काढून टाकलं गेलं. पण खालचे प्लॅटफॉर्म ड्रायव्हर (बोर्डावरच्या कायमच्या भागांचे) एरर देऊ शकतच राहिले, आणि मधला कोड 'याकडे दुर्लक्ष केलं जाईल' असा इशारा लॉगमध्ये टाकून पुढे जायचा. मग ड्रायव्हर एकेक करून नव्या नावावर नेले, आणि 2024 मध्ये 6.11 आलं तेव्हा मूळ 'रिमूव्ह'च काही न परत करणारं झालं. त्यानंतर सगळे परत जुन्या नावावर. घर रंगवताना सगळं सामान आधी या खोलीत, मग पुन्हा त्या खोलीत, तसं.

आमच्याकडे सोपा भाग खरंच सोपा निघाला. 19 ड्रायव्हर शेवटी नुसतं शून्य परत करत होते. कॉक्सिनेल या, कोडमध्ये एकसारखे बदल आपोआप करणाऱ्या साधनाची छोटी स्क्रिप्ट लिहिली, दुपारच्या चहापर्यंत काम आटोपलं. उरले चार. त्यातल्या दोनांत मदतीच्या फंक्शनची एरर तशीच वर ढकललेली होती. ती तिथेच लॉग करून विषय संपवला.

तिसरा पंख्याच्या कार्डाचा. त्याच्या रिमूव्हची पहिलीच ओळ: पंखा चालू असेल तर 'ईबिझी', म्हणजे 'काम चालू आहे' ही एरर, परत कर. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, चालू पंख्याचं कार्ड कोणी काढू नये. टायमर थांबवणारी ओळ त्याच्या खाली. म्हणजे पंखा चालू असताना ती ओळ कधी चाललीच नव्हती. वरचा फॉलबॅक ईबिझी घेऊन गप्प बसायचा, कार्ड उतरलं असं मानायचा, ड्रायव्हरची मेमरी सोडून द्यायचा. टायमर मात्र दर पाच सेकंदांनी वाजतच राहायचा, सोडून दिलेल्या मेमरीवर.

मला एकदम पिंपळगावच्या पॅकहाऊसमधले इलेक्ट्रिशियन भाऊ आठवले. दोन वर्षं ते फोनवर सांगत होते, "सर, पंख्याचं कार्ड बदललं की पेटी आपोआप बंद होऊन चालू होते." मी दोन वर्षं त्यांना सांगत होतो, "भाऊ, अर्थिंग बघा." त्यांनी बिचाऱ्यांनी अर्थिंगचा खड्डा नव्यानं खणून घेतला होता. आणि लॉगमधला इशारा? लॉग भरतो म्हणून मीच तो डीबग पातळीवर लपवला होता.

टेबलावर केॲसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं लिनक्समधलं साधन) चालू करून कार्ड उतरवलं. पाचव्या सेकंदाला रिपोर्ट: मेमरी वाचली कोणी, घेतली कोणी, सोडली कोणी, तिन्हींचा माग एकाखाली एक. दुरुस्ती छोटी. रिमूव्हमध्ये आधी टायमर बंद, मग पंखा बंद, नकार द्यायची सोयच नाही. हा टायमर स्वतःला पुन्हा चावी देतो, म्हणून 6.2 पासून मिळणारं 'टायमर_शटडाउन_सिंक' वापरलं. त्यानंतर चावी बसतच नाही.

चौथा सापडला अपघातानं. जुन्या वजनकाट्याच्या कार्डाचा ड्रायव्हर मॅक्रोतून, म्हणजे कंपाइल होताना उलगडणाऱ्या संक्षेपातून, रिमूव्ह भरत होता, त्यामुळे कोडमध्ये शब्द शोधणाऱ्या गिट ग्रेपला दिसलाच नाही, आणि बिल्डच्या नेहमीच्या कॉन्फिगमध्ये तो बंद. माझे 23 म्हणजे प्रत्यक्षात 22 आणि एक लपलेला. सगळे पर्याय चालू करून बिल्ड केल्यावर कंपायलरनंच पकडून दिला, कारण तोवर मी रिमूव्हचा प्रकार बदलून ठेवला होता आणि फंक्शनच्या पॉइंटरचा प्रकार जुळला नाही की कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, बिल्ड तिथेच थांबतो.

अकरा ओळी सगळ्यात शेवटच्या पॅचमध्ये काढल्या. आधी ड्रायव्हर, मग त्या, म्हणजे पुढे कोणी बायसेक्ट करताना (चूक कुठल्या बदलात शिरली ते शोधताना) मधली कुठलीही पायरी बिल्ड होते. रिव्ह्यूत मॅडमनी एकच वाक्य लिहिलं: "ती कॉमेंट पण काढ."

ऑगस्टमध्ये पिंपळगावला नवी आवृत्ती टाकली. चेंबर रिकामं, पंखा पूर्ण वेगात. भाऊंनी स्क्रीनवर 'कार्ड काढा' दाबलं, पंखा मंदावत थांबला. एक हात सवयीनं मेन स्विचवर ठेवून त्यांनी कार्ड ओढलं. पाच सेकंद गेले, दहा गेले. हिरवा दिवा जळत राहिला.

"अर्थिंगचं काय मग?" भाऊ म्हणाले. खड्ड्याचं बिल आम्ही दिलं.