मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो का?

शिवायला कापड टाकताना बायका मला हमखास विचारतात, "ताई, मिठाच्या पाण्यात भिजवून आणलंय, आता रंग नाही ना जाणार?" कुणी मिठाऐवजी तुरटी सांगतं, कुणी व्हिनेगर. परवा एकीने तिन्ही घातलं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते. मिठाने सुती कापडाचा सुटणारा रंग पक्का होत नाही.

मला हे कळलं ते एका फ्रॉकमुळे. पंधरा वर्षं तरी झाली असतील. गडद लाल सुती कापड, त्याला पांढऱ्या मांजरपाटाची कॉलर. चार वर्षांची मुलगी तो गुढीपाडव्याला घालणार होती. मी सासूबाईंच्या पद्धतीने बादलीत मूठभर मीठ टाकलं, कापड अर्धा तास भिजवलं. पाणी जेमतेम लालसर झालं, तेव्हा वाटलं, काम झालं. पाडव्याला फ्रॉक सुरेख दिसला. पहिल्याच धुण्यात कॉलर गुलाबी झाली, तीही सारखी नाही, डागाडागांची. तिची आई एका शब्दाने बोलली नाही, तेच मला जास्त लागलं. त्यानंतर न धुतलेल्या सुती कापडाला मी कात्री लावलेली नाही.

मीठ रंगकामात असतंच, पण रंगारी ते रंगवताना घालतो. मिठामुळे पाण्यात विरघळलेला रंग पाणी सोडून सुताकडे सरकतो. मग धुण्याचा सोडा घातला की रंगाची आणि सुताची रासायनिक गाठ बसते. असे रंग 1956 साली बाजारात आले, त्यांना रिअ‍ॅक्टिव्ह रंग म्हणतात आणि आजचं बरंचसं सुती कापड त्यांनीच रंगवलेलं असतं. बसलेली ही गाठ घरच्या धुण्याने सहसा सुटत नाही. पण सगळ्याच रंगाची गाठ बसत नाही. काही रंग सुताऐवजी पाण्याशीच जोडला जातो आणि मग तो कायमचा सुटाच. तो धाग्यात नुसता अडकून राहतो. कारखान्यात तो भरपूर गरम पाण्याने आणि साबणाने काढून टाकायचा असतो. तिथे पाणी आणि जळण वाचवायला हे धुणं आखडतं घेतलं, की उरलेलं धुणं तुमच्या-माझ्या मोरीत येतं.

आता या सुट्या रंगाला मिठाचं पाणी काय करतं? कापडातच धरून ठेवतं. बादलीतलं पाणी स्वच्छ दिसतं आणि आपण निर्धास्त होतो. माझ्या लाल कापडाचं नेमकं हेच झालं होतं. तुरटीचं मूळ वेगळं आहे. मंजिष्ठेचा लाल सुतावर धरायला तुरटी लागतेच, पण ती रंगवण्याआधी किंवा रंगवताना. व्हिनेगरसारखं आंबट रेशमाच्या आणि लोकरीच्या रंगांना लागतं, सुताच्या नाही. प्रत्येक समजुतीमागे खरं काम आहे, फक्त ते रंगाऱ्याच्या घरातलं आहे, आपल्या नाही.

म्हणून रंग बांधायच्या मागे लागू नका, सुटा आहे तो काढून टाका. आधी साध्या गार पाण्यात दोन-तीनदा खळबळा. कापड मोकळं पसरेल एवढा मोठा टब घ्या, बादलीत कोंबू नका. मग हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात थोडी साबणाची पावडर टाकून पंधरा-वीस मिनिटं काठीने हलवत राहा. हा सुटा रंग गरम पाण्यात सुताला कमी चिकटतो, म्हणून सुटलेला पुन्हा बसत नाही. पहिलं पाणी आमच्या नाशिकच्या रहाडीसारखं, म्हणजे रंगपंचमीला रंगाने भरतात त्या हौदासारखं दिसलं तरी घाबरू नका. ते ओतून द्या, नवं गरम पाणी घ्या. रात्रभर भिजत मात्र ठेवू नका. कापड आपल्याच रंगाच्या पाण्यात पडून राहिलं, तर गार होताना तोच रंग परत पिऊन घेतं.

आणि नळाचं पाणी वापरा. इथे नाशिकला गंगापूर धरणाचं पाणी घरात येत असताना बोअरच्या जड पाण्यात हे काम करू नये. जड पाण्यातले क्षार सुट्या रंगाला लवकर निघू देत नाहीत, साबणही फुकट जातो.

रंग निघाला का, हे पाण्याकडे बघून ठरवू नका. मांजरपाटाचा ओला तुकडा कापडाच्या कोपऱ्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. तुकड्यावर रंग उमटला, तर अजून एक पाणी काढा. या सगळ्यात कापड आटतं, ते बरंच होतं. अडीच मीटर सुती कापड चार इंच आटलेलं मी मोजलं आहे. ते शिवल्यावर आटलं असतं तर कुर्ता गुडघ्याच्या वर गेला असता.

निळीने रंगवलेलं, म्हणजे इंडिगोचं कापड यात बसत नाही. नीळ पाण्यात विरघळत नाही, ती धाग्यावर बसलेली असते आणि घासली की निघते. पाणी स्वच्छ आलं तरी पांढऱ्या सलवारीला निळा हात लागतोच. त्याला माझ्याकडे उपाय नाही, फक्त सोबत गडद घाला. येवल्याची पैठणी किंवा कुठलंही रेशीम मात्र गरम पाण्यात घालू नका. तिथे ड्रायक्लीनच. अस्तर त्याच रंगाचं लावा, पांढरं नको.

पाच-सहा गरम पाण्यांनंतरही रंग येतच असेल, तर गाठ न बांधणारा, नुसता चिकटून बसणारा रंग असावा. तो दर धुण्यात थोडा थोडा जात राहील. रंगाच्या दुकानात फिक्सर मिळतो, त्याने असा रंग बऱ्यापैकी धरतो, पण छटा किंचित बदलू शकते. आधी चिंधीवर करून बघा. तेवढी खटपट नको असेल, तर पांढरी पायपिन, पांढरी लेस, पांढरं अस्तर यांचा नाद सोडा. मी तेच सांगते, आणि गिऱ्हाईक नाराज झालं तरी सांगते.

एवढं करूनही पांढऱ्याला रंग लागलाच, तर वाळू देऊ नका, इस्त्री तर नकोच. ओलं आहे तोवर पुन्हा गरम साबणाच्या पाण्यात घाला, बहुतेक वेळा निघतो. त्या मुलीचा फ्रॉक माझ्याकडे आला तो धुऊन, वाळून, इस्त्री होऊन. कॉलरच बदलून द्यावी लागली.