घडीचा फोन आणि वावरातली धूळ

दिवाळी जवळ आली की घाटंजीकडच्या माझ्या गावातून एक निरोप हमखास येतो: सोलहून येताना घडीचा, म्हणजे पुस्तकासारखा दुमडणारा फोन आण. कोरियन कंपनीचा फोन कोरियात स्वस्त मिळेल आणि वर्षानुवर्षे चालेल, अशी समजूत त्यामागे असते.

इथल्या मेट्रोत शेजारचा प्रवासी खिशातला फोन उघडून आठ इंचांच्या पडद्यावर निवांत वर्तमानपत्र वाचू लागतो, तेव्हा त्याची सोय नाकारता येत नाही. सॅमसंगने २०१९ मध्ये पहिला गॅलॅक्सी फोल्ड आणला, तेव्हा परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनचे पडदे थोड्याच दिवसांत बिघडले आणि विक्री सप्टेंबरपर्यंत लांबणीवर टाकावी लागली. त्यानंतर बिजागरी सुधारली, अतिपातळ काच आली, आणि २०२५ चा झेड फोल्ड ७ तर २१५ ग्रॅमचा, म्हणजे साध्या मोठ्या फोनच्याच वजनाचा आहे.

माझी खरी काळजी धुळीची आहे. या फोल्ड ७ चे मानांकन आयपी ४८ आहे. त्यातला आठचा आकडा पाण्यापासूनच्या संरक्षणाचा, तर चारचा आकडा घन कणांचा. आणि तो एवढेच सांगतो की एक मिलिमीटरपेक्षा मोठे कण आत जाणार नाहीत. तूर थ्रेशरमधून काढताना उडणारा कुटाराचा भुसा, उन्हाळ्यात वखर चालताना उठणारा काळ्या मातीचा फुफाटा हे सारे त्याहून कितीतरी बारीक असते. असा कण बिजागरीतून शिरून लवचिक पडद्याखाली अडकला, तर प्रत्येक घडीला तो आतून पडद्यावर दाब देतो. गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डला २०२५ मध्ये आयपी ६८, म्हणजे धुळीपासून पूर्ण संरक्षणाचे मानांकन मिळाले, ही मला या क्षेत्रातली सर्वांत मोलाची सुधारणा वाटते.

बिघाड झाल्यावरची गोष्ट वेगळीच आहे. सोलमध्ये दुरुस्ती केंद्र मेट्रोने गाठता येते. गावाकडे मात्र साध्या फोनची काच बदलून देणारा तालुक्याचा दुकानदार घडीच्या पडद्याला हात लावायला धजावणार नाही, आणि नागपूरला खेप घालूनही आतला पडदा बदलण्याचा खर्च एखाद्या चांगल्या नव्या फोनएवढा होऊ शकतो. फोल्ड ७ ची भारतातली सुरुवातीची किंमतच १,७४,९९९ रुपये होती.

तरीही सातबाऱ्याचा उतारा साध्या फोनवर बोटांनी मोठा करत, इकडेतिकडे सरकवत वाचणारे माझे बाबा डोळ्यांसमोर येतात, तेव्हा मोठ्या पडद्याची गरज मला मनापासून पटते. त्यांच्यासाठी मी साधा टॅबलेट घेणार आहे. तो घरीच राहील आणि वावरात जुना फोन जाईल. ज्यांचे काम दिवसभर कार्यालयात, कागदपत्रांवर चालते आणि ज्यांचे शहरात नित्य जाणे-येणे आहे, त्यांनी घडीचा फोन अवश्य घ्यावा. पण तो भारतातच, पक्क्या बिलासह आणि पडद्याचा विमा काढून घ्यावा, कारण इथून नेलेल्या फोनची वॉरंटी तिकडे चालेलच असे नाही.