आज रातांब्याची (कोकमाची) कलमं लावली

पावसाने जमीन छान भिजली, म्हणून आज परसात 'कोकण अमृता'ची दोन कलमं लावली. दापोली विद्यापीठाची जात, जाड सालीची. बियांची रोपं नकोच. निम्मी नर, म्हणजे फळ न देणारी निघतात, आणि ते कळायला सात-आठ वर्षं जातात!

खड्डा दोन फुटी, त्यात शेणखत नि माती. दोन झाडांत 6 मीटर. कलमाच्या जोडावरची प्लास्टिकची पट्टी ब्लेडने सोडवली, तर खाली सालीवर वळ उठलेला. पट्टी राहिली की खोड तिथेच आवळतं. जोड मातीच्या वर ठेवा आणि त्याच्याखालचे फुटवे लगेच खुडा, नाहीतर खालचंच झाड वाढतं. कलम घेताना वर जोडलेली काडी सरळ शेंड्याची बघून घ्या. आडव्या फांदीची असली तर झाड नुसतं पसरत राहतं.