धुता येईल तीच जाळी : आमची वाटचाल

आम्ही स्मोकरच्या, म्हणजे मांस-मासळी धुरावर धरायच्या पेटीच्या, स्टीलच्या जाळ्या बनवतो आणि धुवूनही देतो. आमचा मूळ धंदा मात्र गेट-ग्रिलचा. वडिलांनी कुडाळात वेल्डिंगचं दुकान टाकलं तेव्हा कामं ठरलेली असायची: खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, पावसाळ्याआधी पत्र्याच्या शेड. मी आणि धाकटा भाऊ दुकानात बसायला लागलो तोवर मालवण-वेंगुर्ल्याकडे हॉटेलं वाढू लागली होती आणि प्रत्येकाला स्वयंपाकघरात स्टीलचं टेबल, सिंक, मांडणी हवी होती. 2015 साली मुद्रा योजना आली. तिच्या किशोर गटातलं कर्ज घेऊन आर्गन वेल्डिंगचा सेट आणला आणि एमआयडीसीत भाड्याची शेड घेतली. वडिलांना हे फारसं पटलं नव्हतं. स्टीलमध्ये माल महाग आणि गिऱ्हाईक घासाघीस करणारं, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही.

स्मोकरच्या जाळ्यांचं काम आलं ते गोव्यावरून. बांद्यापुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की खाण्यापिण्याचा सगळा हिशोबच बदलतो. तिथे चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) उन्हात वाळवतात, आणि पावसात ऊन नसलं की धुरावर धरतात. हल्लीच्या रेस्टॉरंटांना धुरावलेला बांगडा, सुरमई, बेकन असं सगळं स्वतःच करायचं असतं. स्मोकर बाहेरून मागवतात, पण जाळ्या वर्ष-दोन वर्षांत खराब होतात आणि त्या मापाच्या जाळ्या बाजारात मिळत नाहीत. मग कुणीतरी कुणाला तरी सांगतं की कुडाळला एक फॅब्रिकेटर आहे.

नमुना म्हणून जी जुनी जाळी यायची, तिच्याकडे बघूनच बरंच कळायचं. काही जण चक्क कोंबड्यांच्या खुराड्याची जी.आय. जाळी कापून वापरत. तिच्यावर जस्ताचा थर असतो. व्हिनेगर, मीठ आणि धुरातली आम्लं त्या जस्ताला खातात आणि ते अन्नात उतरतं. क्रोम प्लेटिंगच्या जाळ्यांचे पापुद्रे सुटतात. स्टील म्हणून विकलेल्या जाळ्या बहुतेक वेळा 202 या स्वस्त ग्रेडच्या निघत. या ग्रेडमध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत ती काही महिन्यांत तांबूस होते. गिऱ्हाईक लोहचुंबक लावून दाखवतं, “बघा, चिकटत नाही, म्हणजे चांगलं स्टील.” पण 202 ला चुंबक चिकटत नाही आणि 304 या चांगल्या ग्रेडलाही नाही. आम्ही तपासायचं द्रव आणि छोटी बॅटरी ठेवली आहे. थेंब टाकून बॅटरी लावली की 202 वर लालसर डाग उमटतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत हे केलं की पुढची घासाघीस निम्म्याने कमी होते.

आम्ही 304 मध्ये बनवतो. त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. चोरीस किंवा मिठात मुरवलेली मासळी रोज लागत असेल तर त्याहून महाग 316 ग्रेड घ्या असं सांगतो. त्यातलं दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम मिठाने पडणारे बारीक खड्डे बरेच रोखतं. भाव ऐकून बरेच जण 304 वरच थांबतात, आणि रेस्टॉरंट नीट धुणारं असेल तर तेही चालून जातं.

नीट धुणं हाच खरा प्रश्न निघाला. सावंतवाडीच्या एका गिऱ्हाइकाने नव्या जाळ्या उचलताना विचारलं, “जाळी झक्कास आसा, पण ही धुवूक माणूस खंय गावतलो?” त्यांच्याकडे हे काम कुणी धरत नव्हतं. आम्ही शेडच्या मागे एक टाकी बांधली आणि जाळ्या धुवून द्यायचं काम घेतलं. आज आमच्या उत्पन्नात बनवण्याइतकाच वाटा धुण्या-दुरुस्तीचा आहे, आणि बनवण्यातलं बरंचसं आम्ही त्या टाकीवर शिकलो.

जाळीवर बसतं ते एक नसतं. मांसाची चरबी गरम होत राहिली की वाळून वार्निशसारखी कडक होते. मासळीची कातडी चिकटते. त्यावर धुराचं डांबर. चरबीचा थर तपकिरी आणि मंद दिसतो, डांबर काळं, चकचकीत आणि बोटाला लागणारं. डांबर जास्त दिसलं की आम्ही आधी लाकडाची चौकशी करतो. पावसात तोडलेलं ओलं आंब्याचं लाकूड, किंवा पॅकिंगच्या खोक्यांचं राळ असलेलं पाइन, आणि वर चिमणीची झडप जवळजवळ बंद. असं असेल तर लाकूड जळत नाही, नुसतं धुमसतं. जाळी धुवून पाठवली तरी आठवड्यात परत काळी. कुणी काजूच्या टरफलांचा धूर करतो म्हणालं तर त्याला तिथेच थांबवतो. त्या तेलाने कातडी भाजते, अन्नाजवळ त्याचं काय काम?

रोजचं धुणं रेस्टॉरंटनेच करायचं असतं आणि ते अवघड नाही. माल काढल्यावर जाळी कोमट असतानाच लाकडी किंवा नायलॉनच्या पट्टीने खरवडायची, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजत ठेवायची. सकाळपर्यंत ठेवून दिली तर तेच काम चौपट. धुतल्यावर उभी करून पूर्ण वाळवायची. एकावर एक रचलेल्या ओल्या जाळ्यांच्या मधे डाग पडतात. मासळी लावण्याआधी खाण्याच्या तेलाचा हात फिरवला तर कातडी कमी चिकटते.

आमच्याकडे येतात त्या यापुढच्या, रोजच्या धुण्याने न निघणाऱ्या थराच्या. टाकीत दोन-तीन टक्के कॉस्टिक सोड्याचं पाणी 60-70 अंशांवर ठेवतो. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. हातमोजे आणि चष्म्याशिवाय टाकीजवळ कुणी जात नाही. ॲल्युमिनियमचा ट्रे चुकूनही आत टाकायचा नाही. तो खाल्ला जातो आणि हायड्रोजन सुटतो. डांबर मऊ पडलं की ब्रश, भरपूर पाणी, मग सायट्रिक आम्लाचं पाणी, पुन्हा साधं पाणी. शेवटी ओल्या जाळीला पीएच पट्टी लावून सोडा किंवा आम्ल उरलं नाही ना हे बघतो. हे पाणी आम्ही चरबी अडवून, आम्लाने शांत करूनच सोडतो.

काही सवयी मोडायला वेळ लागला. ब्लीचने जाळी पांढरीशुभ्र होते असा समज आहे, पण त्यातलं क्लोरीन स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं आणि पुढची घाण त्यातच बसते. लोखंडी काथ्याने घासलं की त्याचे कण स्टीलवर राहून गंजतात आणि बोल लागतो आमच्या मालाला. तारेचा ब्रश तर नकोच. 2012 साली अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ग्रिलच्या ब्रशच्या तुटलेल्या तारा खाण्यातून पोटात जाऊन झालेल्या जखमांचा अहवाल दिला होता. तेव्हापासून त्याबद्दल उघड बोललं जातं. सगळ्यात हट्टी सवय तंदूरवाल्यांची: जाळी तंदूरात टाकून जाळून घ्यायची. घाण जळते, पण 304 स्टील साधारण 450 ते 850 अंशांत राहिलं की त्यातलं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं आणि मग तिथूनच गंज धरतो. अशा जाळ्यांवर निळी-सोनेरी झाक येते. आम्ही त्यांना गॅरंटी देत नाही.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये रेस्टॉरंटं एका रात्रीत बंद झाली, जाळ्या होत्या तशा आत राहिल्या. उघडल्यावर ज्या आल्या त्यांत पोकळ पाइपची चौकट असलेल्यांची हालत वाईट होती. वेल्डिंगच्या सुईएवढ्या भोकातून चरबीचं पाणी पाइपात शिरलेलं, आणि गरम केलं की तपकिरी रस गळत होता. ते आतून धुणार कसं? तेव्हापासून आम्ही चौकटीला भरीव सळीच वापरतो. विणलेली जाळी बंद केली, कारण तारांच्या प्रत्येक फुलीखाली मळ अडकतो. आता समांतर तारा, दोन्ही बाजूंनी पूर्ण वेल्ड केलेल्या, नुसता टॅक (ठिपक्यापुरता वेल्ड) नाही. वेल्डिंगचा काळा डाग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढूनच माल बाहेर जातो.

टाकीवर काम करणाऱ्या काकी आमच्याकडे सुरुवातीपासून आहेत. नवं डिझाइन झालं की जाळी आधी त्यांच्या हातात जाते. त्यांचा ब्रश जिथे पोचत नाही, तो कोपरा भावाकडे परत येतो. भाऊ कुरकुरतो, मग बदलतो. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा खात्याच्या तपासणीसाठी हॉटेलवाले आता धुण्याची नोंदवही मागतात, तीही त्याच भरतात.

इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या मदतीने स्टील गुळगुळीत करणं) अजून बाहेरून करून घ्यावं लागतं आणि वाहतुकीत नफा जातो. पावसाळ्यात लाइट गेली की टाकी थंड पडते, म्हणून गॅसचा बर्नर जोडायचा विचार चालू आहे.

जाळी मागवणाऱ्यांना एवढंच सांगतो: स्मोकरचं आतलं माप पाठवाल तेव्हा तुमच्या सिंकचंही माप पाठवा. सिंकमध्ये आडवी मावत नसेल तर आम्ही ती दोन तुकड्यांत बनवतो.